कवडशातला सूर्य आणि त्याच्यावरचे डाग: आपल्याकडं कोण कोण बघूलालंय?

कौलारू | ८ मे २०२४, रात्री ९:४०

काल मतदानाची सुट्टी होती म्हणून शहापुरात सकाळी सातलाच मत टाकून मी आईकडं आले, खानापूरच्या पुढं जांबोटीच्या वाटेवर आमचं गाव. घर अजून कौलारूच आहे. सोप्यातलं आढ्याजवळचं एक कौल माकडांनी तडकवलंय, शाकारणीला माणूस अजून मिळालेला नाही, त्यामुळं त्या चिरेतून उन्हाचा कवडसा खाली सारवलेल्या जमिनीवर पडतो. साडेबाराला आई ताटं घेत होती आणि मी त्या कवडशाकडं बघत बसलेली.

भोक तिकोनी, वेडंवाकडं, तुरीच्या डाळीएवढं. कवडसा मात्र गोल गरगरीत. लहानपणापासून बघत आलेय. तो गोल म्हणजे भोकाचा आकार नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे. मला हे पक्कं कळलं २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला, परड्यातल्या चिंचेखाली जेवढे कवडसे होते तेवढ्या सगळ्या कोरी झाल्या होत्या, शेकडो कोरी, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

मग काल टेप आणला. भोकापासून जमीन १५ फूट म्हणजे ४५७ सेंटीमीटर. कवडसा सव्वाचार सेंटीमीटर, कडा भुरकट असतात त्यामुळं मिलिमीटरभर इकडं तिकडं धरा. भागाकार केला तर साधारण १०८ येतो, म्हणजे सूर्य त्याच्या रुंदीच्या १०८ पट लांब आहे. लांबी १५ कोटी किलोमीटर हे पाठ होतं, त्याला १०८ नं भागलं तर १३ लाख ९० हजारच्या आसपास. पुस्तकात सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार दिलाय! आईच्या सोप्यात बसून, एका टेपावर. मी दोनदा मोजलं.

(मे च्या सुरुवातीला आपल्याकडं साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, म्हणून कवडसा गोल मिळतो. एरवी तो लांबुळका पडतो, तेव्हा पुठ्ठा उन्हाला काटकोनात धरून मोजायचा.)

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. सध्या सूर्यावर डागांचा एक प्रचंड पुंजका आलाय, १३६६४ असा नंबर दिलाय त्याला. आज सकाळी मुलाची पक्षी बघायची दुर्बीण, १० बाय ५० ची, स्टुलाला बांधली, एक नळी टोपणानं बंद केली आणि दुसरीतून सूर्य पुठ्ठ्यावर पाडला. दीड मीटरवर पुठ्ठा धरला की १५ सेंटीमीटरचा गोळा मिळतो. आणि त्यात पेन्सिलीनं कुणीतरी शिंतोडे उडवल्यासारखी काळी माळ! मी पुठ्ठा झटकला, वाटलं मुंग्या असतील. पुठ्ठा हलला, माळ जागेवर.

तुमच्यापैकी कुणी बघितलंय का? आणि हे डाग पहिल्यांदा कुणी, कसे बघितले ते माहीत असलेल्यांनी लिहा प्लीज, मला सगळं ऐकायचंय.

चिकोडीचा गुऱ्हाळवाला | ८ मे, रात्री १०:०५

अक्का मी बी बघितलो! ग्रहणाचा चष्मा घरात पडून होता २०१९ चा, तेच्यातनं बघितलो आज संध्याकाळी, दुर्बीण न्हाई काय न्हाई, नुसत्या डोळ्याला बारीक काळा ठिपका दिसला. खरंच डाग होता का माझ्या डोळ्यात काय गेलं होतं?

निपाणीचे सर | ८ मे, रात्री १०:३०

चिकोडीकर, तो डागच. पण आधी तो चष्मा दिव्यासमोर धरून तपासा. एक जरी चरा किंवा टाचणीएवढं भोक दिसलं तर कात्रीनं कापून टाका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चांगल्या फिल्टरमधून लाखातला एखादा भाग उजेड आत यायला पाहिजे. एक्स-रे ची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, ह्यातलं काहीही चालत नाही.

ताई, तुमच्या कवडशावरून सांगतो. १६०७ च्या मे महिन्यात योहान्स केपलरनं अगदी हेच केलं होतं. घराच्या लाकडी छपराच्या फटीतून येणारा कवडसा कागदावर धरला आणि त्यात त्याला एक काळा ठिपका दिसला. त्याला वाटलं बुध ग्रह सूर्यासमोरून चाललाय, तसं त्यानं १६०९ साली छापूनसुद्धा टाकलं. तो होता सूर्यावरचा डाग. दुर्बीण अजून आकाशाकडं वळायची होती. म्हणजे तुमच्या आईच्या सोप्यात जे आहे त्यापेक्षा जास्त त्याच्याकडं काही नव्हतं.

तुमच्या कवडशात मात्र डाग दिसणं अवघड आहे. भोक ४ मिलिमीटर आणि चित्र ४२, म्हणजे प्रत्येक रेघ ४ मिलिमीटर फुगते, डाग त्यात पुसून जातो. लांबी वाढवा. आरशावर कागद चिकटवून ५ मिलिमीटरचं भोक ठेवा, आरसा अंगणात उन्हात, आणि उजेड २५ मीटर लांब अंधाऱ्या खोलीत पाडा. २३ सेंटीमीटरचा सूर्य मिळतो, भोक तेवढंच बारीक. ह्या पुंजक्याएवढे डाग त्यात दिसायला हवेत. शाळेत व्हरांडाभर हे करायचो आम्ही, मुलं आपल्याच हातावर सूर्य घ्यायची.

टिळकवाडी | ८ मे, रात्री ११:१०

पण पहिला मान गॅलिलिओचा ना सर?

निपाणीचे सर | ९ मे, सकाळी ६:५०

त्या काळी चौघं एकाच वेळी त्याच्या मागं होते. इंग्लंडात थॉमस हॅरियटनं डिसेंबर १६१० मध्ये चित्र काढलं. छापून पहिलं आणलं योहान्स फॅब्रिशियसनं १६११ ला. मग शायनर नावाचा जेझुइट पाद्री म्हणायला लागला की हे सूर्याभोवती फिरणारे छोटे ग्रह आहेत, कारण सूर्याला डाग लागणं त्याला मानवत नव्हतं. गॅलिलिओनं १६१३ साली त्याला उत्तर दिलं आणि ते उत्तर चित्रांतून दिलं. डाग मधोमध असतो तेव्हा भराभर सरकतो, काठाकडं जाईल तसा सावकाश होतो आणि चपटा दिसायला लागतो. चेंडूला कुंकू लावून फिरवा, तसंच होतं. म्हणजे डाग पृष्ठावरच आहेत आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो.

चिनी लोकांनी तर इसवी सनापूर्वीपासून डागांच्या नोंदी ठेवल्यात. सूर्य मावळताना धुळीत लाल होतो तेव्हा मोठा डाग डोळ्यांना दिसू शकतो. पण तुम्ही असं बघू नका, लाल दिसला तरी डोळ्याला इजा होते.

चिकोडीचा गुऱ्हाळवाला | ९ मे, सकाळी ८:१५

सर पण काळा का दिसतो तेवढं सांगा की. आग हाय नव्हं तिथं सगळी?

अनगोळचा भाचा | ९ मे, सकाळी ९:००

मी सांगतो, मी कोडाईकनालच्या वेधशाळेत जाऊन आलोय, आणि तुमचं गुऱ्हाळ आहे म्हणून तुम्हाला पटकन कळेल. काहिलीत रस उकळायला लागला की मधून वर येतो आणि कडेला खाली उतरतो, वर नुसते घोळ दिसतात, हो का नाही? सूर्याचा पृष्ठभाग तसाच घोळांनी भरलाय, एकेक घोळ हजार किलोमीटर रुंद, म्हणजे अख्खा कर्नाटक त्यात बसून जागा उरेल, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो विरून दुसरा येतो. मधला उजळ भाग म्हणजे वर आलेला गरम वायू, कडेची काळपट रेघ म्हणजे गार होऊन उतरणारा. आता समजा काहिलीत एका ठिकाणी ते ढवळणंच अडवलं तर? खालची उष्णता तिथं वर यायची नाही. सूर्यावर ते अडवायचं काम चुंबकी क्षेत्र करतं. डागाच्या जागी ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट जोरात असतं, त्यामुळं तिथं उष्णता पोचत नाही, आजूबाजूला साडेपाच हजार अंश सेल्सिअस असताना डागात साडेतीन-चार हजारच राहतं. काळा नाहीच तो, शेजाऱ्यापेक्षा मंद आहे इतकंच, वेगळा काढून रात्री आभाळात ठेवला तर पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा उजळ दिसेल.

हे चुंबकत्वाचं कोडं १९०८ ला जॉर्ज हेलनं सोडवलं, अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत. डागातून आलेल्या उजेडाच्या रंगपट्ट्यात ज्या काळ्या रेघा असतात त्या फाटून दोन-तीन झालेल्या दिसल्या, आणि प्रयोगशाळेत चुंबक जवळ आणला की तशाच फाटतात हे आधी झीमननं दाखवलेलं होतं. १५ कोटी किलोमीटरवरचा चुंबक असा मोजला!

चिकोडीचा गुऱ्हाळवाला | ९ मे, सकाळी ९:२०

काहिलीचं बरोबर डोक्यात बसलं दादा. आमच्यात हंगाम संपला आता, दिवाळीनंतर परत चूल पेटली की मी सूर्य म्हणूनच बघणार तेच्याकडं.

सांबऱ्याचा हॅम | ९ मे, रात्री ८:४५

मी हौशी रेडिओवाला, म्हणून माझ्या बाजूनं एक भर घालतो. आज दुपारी पावणेतीनच्या सुमारास शॉर्टवेव्हवर बोलणं चालू होतं आणि आवाज असा बसत बसत गेला की आधी मी केबल तपासली, मग अँटेना. दोन्ही ठीक. नंतर वाचलं की बरोबर त्याच वेळी ह्या पुंजक्यातून एक्स २.२ ची (एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार वर्ग) सौरज्वाला निघाली होती. असं होतं की ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथं पोचतात, दिवस असलेल्या बाजूला वातावरणाचा खालचा थर विद्युतभारित करतात, आणि आमच्या लहरी वरच्या थरावरून परत यायच्या ऐवजी मधेच शोषल्या जातात. ज्या डागाचं चित्र कौलारू ताई पुठ्ठ्यावर काढतायत त्यानंच सांबऱ्यात माझा आवाज बंद केला. केवढी ही गोष्ट.

कौलारू | ११ मे, सकाळी ७:३०

काल रात्रीचं वाचलं का सगळ्यांनी? लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात आभाळ लाल झालेलं दिसलं, ध्रुवीय प्रकाश, आपल्या देशात!! मी आज सातला उठून बघितलं, पुंजका उजव्या काठाकडं निघालाय. (दुर्बिणीतून पाडलेल्या चित्रात दिशा उलटसुलट होतात, त्याची युक्ती अशी की दुर्बीण न हलवता सोडायची, चित्र ज्या बाजूला सरकत पुठ्ठ्याबाहेर जातं ती पश्चिम.) आज चौथं चित्र. पसारा दोन सेंटीमीटर भरतोय म्हणजे पृथ्वी १५ वेळा शेजारी शेजारी ठेवा.

सांबऱ्याचा हॅम | ११ मे, सकाळी ८:१०

ताई, ह्याच्याहून मोठं मागचं एक ऐकून माहीत आहे, १८५९ चं. १ सप्टेंबरला लंडनजवळ रिचर्ड कॅरिंग्टन आपल्यासारखाच सूर्य पडद्यावर पाडून डागांची चित्रं काढत होता. डागांच्या पुंजक्यावर एकदम दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले. तो साक्षीदार बोलवायला पळाला, मिनिटभरात परत आला तर ते विझत आलेले. नशिबानं हॉजसन नावाच्या दुसऱ्या माणसानंही तेच बघितलं होतं. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ, तारायंत्रं ठप्प, कुठं कुठं तारबाबूंना झटके बसले.

आणि त्या वादळाची जगातली सगळ्यात मोलाची नोंद कुठली, तर मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेची! तिथं माणसं घड्याळ लावून चुंबकाचा काटा डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होती. १६०० नॅनोटेस्लानं (चुंबकी जोर मोजायचं एकक) काटा उतरल्याचं त्या वहीत आहे. काल रात्री हानलेचं आभाळ लाल करणाऱ्या चुंबकी वादळात चारशेच्या आसपास उतरलाय. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञ अजून ती वही उघडतात, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

टिळकवाडी | ११ मे, दुपारी १:००

मुंबईचं नाव निघालं म्हणून सांगतो, हेलियमचा शोधसुद्धा आपल्याच विजयदुर्गाला लागला १८ ऑगस्ट १८६८ ला. आम्ही दोन वेळा किल्ला बघून आलो, लॉकियर साहेबानं दुर्बीण ठेवलेले ओटे आहेत तिथं, साहेबाचे ओटेच म्हणतात. बेळगावहून तर एका दिवसाची ट्रिप आहे. हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

निपाणीचे सर | ११ मे, दुपारी ४:२०

टिळकवाडीकर, ओटे खरे, साहेब खरा, साल वेगळं. मलाही हे बरीच वर्षं तसंच वाटायचं आणि वर्गात मी तसंच शिकवलं, म्हणून नीट लिहितो.

१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण बघायला फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला आला होता. त्याला सूर्याच्या काठावरच्या ज्वाळांच्या रेघा इतक्या ठसठशीत दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यानं त्या बघून दाखवल्या. लॉकियरनं २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून, ग्रहणाशिवाय, तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली, फ्रेंच सरकारनं पुढं दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. त्या रेघांतली एक पिवळी होती, सोडियमच्या पिवळ्या जोडीच्या शेजारी पण तिच्यावर न बसणारी. ही पृथ्वीवर नसलेल्या मूलद्रव्याची रेघ आहे असं लॉकियरनं धरलं, हेलिऑस म्हणजे सूर्य म्हणून हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं, रॅम्झीला एका खनिजात.

विजयदुर्गाला लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मोठा तळ होता, मेल्पोमीनी नावाच्या आरमारी जहाजाचे खलाशी मदतीला. ओटे त्या वेळचे म्हणून बघा. त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक नाएगमवाला सोलापूरकडं जेऊरला होते, त्यांच्याबरोबर अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही, आणि वऱ्हाडात तळणीला मॉन्डर नवराबायको. ॲनी मॉन्डरनं तिथं घेतलेल्या फोटोत प्रभामंडलाचा (खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा) इतका लांब झोत आला की तेव्हापर्यंत तसा कुणाला मिळाला नव्हता.

टिळकवाडी | ११ मे, सायंकाळी ६:४५

सर, वाईट वाटलं थोडं. पण लॉकियर आपल्या किल्ल्यावर येऊन गेला हे तरी खरं ठरलं. पुढच्या वेळी पोरांना घेऊन जाईन तेव्हा १८९८ सांगेन.

जमखंडीची सून | ११ मे, रात्री ९:३०

मी फक्त वाचत होते पण आता राहवत नाही. १८६८ चं ग्रहण म्हणाल तर आपल्या शेजारी जमखंडीला बघितलंय! माझं सासर तिथलं, पटवर्धनांचं संस्थान होतं ते, आता बागलकोट जिल्ह्यात. रॉयल सोसायटीनं लेफ्टनंट जॉन हर्शेलला यंत्रं देऊन जमखंडीला बसवलं होतं. हा युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, इथं भारतात त्रिकोणमितीय सर्व्हेत इंजिनिअर. ऑगस्ट महिना, आपल्याकडं आभाळ कसं असतं सांगायला नको. ढगांची ये-जा चालू, खग्रास सुरू झालं तरी सूर्य लपंडाव करतोय, आणि मग फट मिळाली तेवढ्यात त्यानं ज्वाळेवर स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, धरला. तीन रेघा: तांबडी, नारिंगी, निळी. सलग रंगपट्टा असता तर ते घट्ट काहीतरी किंवा परावर्तित उजेड म्हणता आला असता, सुट्या रेघा म्हणजे पेटलेला वायू. ग्रहणात सूर्याच्या काठावर दिसणाऱ्या त्या लाल जिभा म्हणजे काय हा मोठा वाद होता तेव्हा, तो त्या दिवशी मिटला. विजापुरात कॅप्टन हेगनंही हातात धरायच्या स्पेक्ट्रोस्कोपमधून सुट्या रेघा बघितल्या.

सासऱ्यांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आमच्या गावात झालं आणि आम्हालाच माहीत नाही होय.

कौलारू | ११ मे, रात्री १०:००

जमखंडी!! किती वेळा त्या रस्त्यानं गेलेय मी. वहिनी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

अनगोळचा भाचा | १२ मे, सकाळी १०:१५

कोडाईकनालचं राहिलं होतं ते टाकतो, कारण त्याचा धागा पण आपल्या भागाशी येऊन जुळतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मद्रास, म्हैसूर, आणि आपला सगळा बेळगाव-धारवाड-विजापूर-कलादगीचा पट्टा होरपळून गेला त्यात. त्यानंतरच्या चौकशीत ठरलं की पाऊस का चुकतो हे कळायचं असेल तर सूर्याचा अभ्यास रोज करायला हवा, त्यातून शेवटी १८९९ साली कोडाईकनालला सौर वेधशाळा उभी राहिली. १९०४ पासून तिथं सूर्याचे फोटो रोज घेतात. एकशेवीस वर्षं! मी गेलो तेव्हा जुन्या फोटोंच्या काचा बघितल्या, एकेका काचेवर गोळा, कोपऱ्यात तारीख हातानं घातलेली. तिथंच जानेवारी १९०९ मध्ये एव्हरशेडला दिसलं की डागाच्या भोवतीच्या करड्या झालरीतून वायू बाहेरच्या दिशेला वाहतो, सेकंदाला दोनेक किलोमीटर, एव्हरशेड परिणाम म्हणून जगभर शिकवतात. आणि पुण्याला नाएगमवालांनी उभी केलेली वेधशाळा १९१२ ला बंद झाली तेव्हा तिची २० इंची दुर्बीण पण तिकडंच गेली.

पावसाचं विचाराल तर डाग मोजून मान्सून सांगता येईल असा सरळ नियम काही हाती आला नाही.

चिकोडीचा गुऱ्हाळवाला | १२ मे, दुपारी १२:१०

डाग मोजायचे कसे पण? एक मोठा आणि धा बारके असले तर अकरा धरायचे का?

निपाणीचे सर | १२ मे, दुपारी २:३०

चांगला प्रश्न. स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फनं १८४८ मध्ये रीत घालून दिली ती आजही चालते. पुंजके मोजा, त्याला १० नं गुणा, त्यात सुटे डाग मिळवा. तुम्हाला ३ पुंजके आणि त्यात एकूण १४ डाग दिसले तर ४४. मग दुर्बिणीप्रमाणं आणि बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणं एका गुणकानं ते सारखं करून घेतात.

पण वोल्फच्या आधीच्या माणसाचं मला जास्त कौतुक. जर्मनीत देसाऊ गावचा श्वाबे, औषधाचं दुकान चालवायचा. त्याला बुधाच्या आत एखादा ग्रह सापडतो का बघायचं होतं, तो सूर्यासमोरून जाताना ठिपका दिसेल ह्या आशेनं आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्य बघायचा आणि चुकू नये म्हणून खरे डाग टिपून ठेवायचा. १८२६ ते १८४३, सतरा वर्षं. ग्रह नव्हताच. वह्या चाळल्या तर डाग साधारण दहा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात हे समोर आलं. पुढं ते सरासरी ११ वर्षं ठरलं. हेलनं नंतर दाखवलं की दर चक्राला डागांचे उत्तर-दक्षिण ध्रुव उलटे होतात, म्हणजे पूर्ण फेरा २२ वर्षांचा. आपण आता पंचविसाव्या चक्राच्या माथ्यावर आहोत म्हणून हे एवढं दिसतंय. १६४५ ते १७१५ मध्ये तर वर्षानुवर्षं डाग जवळजवळ नव्हतेच, तेव्हा आपण दुर्बीण लावली असती तर कोरा गोळा बघत बसलो असतो.

टिळकवाडी | १२ मे, रात्री ८:५०

आणि आता सूर्य बघायला पाठवलेलं आपलं इस्रोचं यान आदित्य एल-१ पण आहे की. २ सप्टेंबर २०२३ ला उडाला, ६ जानेवारीला जागेवर पोचला, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, जिथून सूर्य कधी झाकला जात नाही. सात यंत्रं आहेत, त्यातली अतिनील कॅमेऱ्याची दुर्बीण पुण्याच्या आयुका ह्या खगोलसंस्थेत तयार झाली. ह्या वेळी नाव आणि साल दोन्ही तपासून लिहितोय.

कौलारू | १४ मे, रात्री ९:१०

गेला. आज सकाळी बघितलं तर काठावर नुसती एक काळी भेग आणि भोवती पांढरट चट्टे. मुलानं सगळी चित्रं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. मधोमध असताना पुंजका दिवसाला दीड-पावणेदोन सेंटीमीटर सरकत होता, काठाला आल्यावर दोन-तीन मिलिमीटर. गॅलिलिओचा कुंकवाचा चेंडू! मी सरांची ती ओळ त्याला वाचून दाखवली तर तो म्हणाला, मग आई तो मागं फिरून परत येणार की. हिशोब केला, आपल्याला सूर्याचा फेरा २७ दिवसांचा दिसतो, अर्धा पलीकडं म्हणजे तेरा-चौदा दिवस. २७-२८ मे.

निपाणीचे सर | १४ मे, रात्री ९:४०

एवढा मोठा पुंजका टिकू शकतो. पण विषुववृत्ताकडं २५ दिवस आणि ध्रुवाकडं ३५, असा सूर्य सगळीकडं एका वेगानं फिरत नाही, त्यामुळं चुंबकी रेषा पिळल्या जातात आणि डागाचं रूप बदलतं. ओळखू येईलच असं नाही. चित्रं जपून ठेवा.

एक काळजीचं. दुर्बीण स्टुलावर लावलेली असताना कुणीतरी घरातलं जवळ थांबलंच पाहिजे. माझ्या एका विद्यार्थ्यानं शोधक दुर्बिणीचं टोपण काढून ठेवलं होतं, मागं उभ्या असलेल्या मुलाच्या शर्टाला भोक पडलं, चार बोटं वर डोळा होता. त्या दिवसापासून मी टोपणं स्वतः मोजायचो. मधे मधे दुर्बीण झाकून गारही होऊ द्या, आतल्या काचा तापून तडकतात.

जमखंडीची सून | २० मे, दुपारी ३:३०

आमच्याकडं सासऱ्यांनी आरशाचा प्रयोग केला. वाड्यात मधल्या चौकात आरसा, माजघरात दारं लावून अंधार. पांढऱ्या पंचावर पितळेच्या ताटाएवढा सूर्य पडला आणि तो थरथरतोय, पृथ्वीवरच्या गरम हवेनं. शेजारच्या आज्जींनी येऊन त्याला हात जोडले. नंतर त्यांनीच विचारलं, ग्रहणात परातीत मुसळ उभं करायचो आणि शेणाच्या पाण्यात सूर्य बघायचो ते चालायचं का. मी सरांचं वाचलेलं सांगितलं, पाण्यातला सूर्यसुद्धा डोळ्याला जास्तच होतो, हा पंचावरचा कितीही वेळ बघा. मग त्या तासभर बसल्या.

कौलारू | २६ मे, सायंकाळी ७:००

आज शाकारणी झाली, पाऊस यायच्या आत. आईनं त्या तडकलेल्या जागी काचेचं कौल घातलं, उजेड पडावा म्हणून. मी माळ्यावर चढून त्याला आतून काळा कागद लावला आणि मधे खिळ्यानं भोक पाडलं, ह्या वेळी गोल, तीन मिलिमीटरचं. कवडसा आला तसाच. आई म्हणाली कागद राहू दे, पावसाळ्यानंतर काढू.

चिकोडीचा गुऱ्हाळवाला | २९ मे, सकाळी ७:५५

अक्का उठला का. गच्चीवर हाय मी, मामाची दुर्बीण आणून तुमच्यासारखीच बांधलो, पुठ्ठ्यावर पाडलो. ज्या बाजूनं गोळा पुठ्ठ्यातनं बाहेर जातोय तेच्या उलट्या काठाला खालतीकडं काळं लांबट काहीतरी हाय आणि भोवती पांढरं. मी पुठ्ठा दोनदा झटकलो.

कौलारू | २९ मे, सकाळी ८:२०

ढग आलेत इथं. एक फट दिसतेय पूर्वेला, पेन्सिल घेऊन बसलेय. तुम्ही तुमचं चित्र काढून ठेवा आधी, तारीख आणि वेळ घाला.